मांजर्लीचा शिमगा आणि पाडवा

‘वसंत ऋतू’ हा विषय निबंधाला दिला, म्हणजे चाळीस वह्यांतून चाळीस कोकिळा एकाच सुरात गाऊ लागतात. आंब्याला मोहोर येतो, मंद वारा वाहतो, सृष्टी नवी नवरी होते आणि शेवटी ‘असा हा ऋतुराज वसंत!’ म्हणून भले मोठे उद्गारचिन्ह पडते. आम्ही मास्तर मंडळीही दहापैकी सहा गुण देऊन मोकळे होतो. मुलांचा त्यात दोष नाही. आपल्या काव्यांनी आणि क्रमिक पुस्तकांनी वसंताला राजवाड्याच्या बागेत नेऊन बसवले. शेताच्या बांधावर तो कसा दिसतो, हे सांगायचे राहून गेले.

बांधावरच्या वसंतातही फुले असतातच. पण त्याहून अधिक तो लाकूडफाट्याचा, राखेचा आणि हिशेबाचा ऋतू. रानातले लाकूड कोणाचे, झाडाखाली पडलेले फूल कोणाचे आणि नांगर धरणाऱ्याची जमीन कोणाची, हे तीन प्रश्न आमच्याकडच्या गावांपुढे फाल्गुन-चैत्रातच उभे राहत आले आहेत. दिवाळीच्या फराळाबरोबर शिमग्याची गोष्ट काढणे थोडे अवेळी खरे. परंतु फराळातले पोहे ज्या भाताचे, त्या भाताची सुरुवात शिमग्यातच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे वाचक रागावणार नाहीत.

मांजर्ली हे बदलापूरच्या पश्चिम अंगाचे, उल्हास नदीच्या खोऱ्यातले गाव. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडले, असे सांगतात. घोड्यांचे दिवस संपले ते १८५६ साली. त्या वर्षी कल्याणहून पळसदरीपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि ही सारी भातशेतीची गावे रुळांच्या कडेला आली. पळसदरीच्या नावातच पळस आहे. फाल्गुनात या वाटेवरचा पळस पेटल्यासारखा लाल होतो, तो गाडीच्या खिडकीतून पाहावा. अलीकडे नुसती सिमेंटची जंगले दिसतात म्हणणाऱ्यांनी तर जरूर पाहावा.

या पट्ट्यात आगरी आणि कुणबी हे शेतकरी. डोंगराच्या अंगाला ठाकूर आणि कातकरी. त्यांच्या वसंताचे दार उघडते महाशिवरात्रीला, अंबरनाथच्या जत्रेने. तिथले शिवालय शिलाहारांचे, शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे. साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ उभ्या असलेल्या त्या दगडी देवळाला वळसा घालून माणसे घरी येतात, ती शिमग्याच्या तयारीला लागण्यासाठी.

शिमगा म्हणजे एका रात्रीची होळी नव्हे. आधीच्या कितीतरी रात्री पोरासोरांच्या लहान होळ्या पेटतात, बायका फेर धरून गाणी म्हणतात आणि पौर्णिमेला गावाची मोठी होळी लागते. आगरी माणसाच्या लेखी ही नुसती लाकडांची रास नसते, ती ‘हावलूबाय’ असते. तिची ओटी भरायची, तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, नारळ अर्पण करायचा, नव्या जोडप्याने तिला प्रदक्षिणा घालायच्या. आगीतला नारळ बाहेर काढणाऱ्या पोराची छाती दुसऱ्या दिवशी दोन इंच फुगलेली असते.

याच ऋतूत आणखी एक आग पेटते. तिच्या वाट्याला ना गाणे येते ना नैवेद्य. पण गावाचे पोट तिच्यावर. ती राबाची आग. भाताची रोपे ज्या तुकड्यात करायची, तिथे शेणाचा थर घालतात; त्यावर कवळ, म्हणजे झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या; त्यावर गवत आणि पालापाचोळा; आणि राख वाऱ्याने उडू नये म्हणून वर मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट अंगाने विस्तव लावायचा, म्हणजे आग भडकत नाही, सावकाश धुमसत जाते. तण मरते, किडे मरतात, राख मिळते आणि पहिल्या पावसानंतर पेरलेले बी जोमाने वर येते. यासाठी डहाळ्या लागतात, आणि त्या येतात वरकस जमिनीवरून किंवा रानातून. रान बंद झाले, तर रोप बंद झाले!

आणि रान बंद होऊ लागले. इंग्रज सरकारने १८७८ साली जंगलचा कायदा केला. आगगाडीला रुळांखाली घालायला लाकूड हवे होते, वाढत्या मुंबईला सरपण हवे होते, आणि जंगल म्हणजे उत्पन्नाची बाब आहे हे सरकारला कळून चुकले होते. साहेबाच्या मते राब ही अडाणी शेतकऱ्याची नासाडी. उभ्या झाडाच्या फांद्या तोडून शेतात जाळणारा माणूस त्याला वेडाच वाटला असला पाहिजे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून असंतोष इतका वाढला की १८८५ साली सरकारला मुंबई जंगल कमिशन नेमावे लागले. १८८७ साली त्याचा अहवाल झाला. लोकांच्या जंगलविषयक तक्रारी हाच या कमिशनचा विषय होता, आणि कवळ तोडण्याचा प्रश्न त्यांत अगदी पुढे होता. ज्यांना लिहिता येत नव्हते अशा माणसांनी आपल्या राबाचे भांडण एवढ्या दूरवर नेले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींची धनी झाली नाही. पण मला ती एखाद्या लढाईइतकीच मोठी वाटते.

यातली खरी गंमत पुढे आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या दोन सहकाऱ्यांसह राबपद्धतीचा शास्त्रीय अभ्यास केला. तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. राबाचा गुण नुसत्या राखेत नाही. माती भाजली जाते, तिलाही मोठे महत्त्व आहे, असे त्यातून दिसून आले. म्हणजे शेतकरी बापजाद्यांपासून जे करीत आला, ते अगदीच वेडेपण नव्हते. मात्र त्याचे शहाणपण प्रयोगशाळेत ठरायला कमिशनच्या अहवालानंतर पंचवीस वर्षे जावी लागली. तोवर कित्येक फाल्गुन जंगलखात्याच्या शिपायाची नजर चुकवण्यात गेले असतील.

लाकडानंतर आले फूल. फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. पहाटे झाडाखाली मेणासारख्या पिवळट फुलांचा सडा पडतो आणि ठाकूर-कातकऱ्यांची बायकापोरे टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वीच तिथे हजर होतात. ही फुले वाळवून ठेवतात. टंचाईच्या दिवसांत ती अन्न होतात. त्यांची दारूही होते. सरकारच्या डोळ्यांत फुलाचा पहिला उपयोग भरला नाही, दुसरा मात्र चांगलाच भरला. चोरट्या दारूने अबकारीचे उत्पन्न बुडते, म्हणून १८९२ साली मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला आणि तो ठाणे-कुलाब्याला लागू झाला. झाडावरून गळून पडलेले फूल वेचून घरात ठेवणे हा गुन्हा ठरला! आपल्या कवींनी वसंतातल्या फुलांवर अपार लिहिले. परंतु फुलासाठी माणसाला गुन्हेगार ठरवणारा वसंत त्यांच्या कल्पनेतही आला नव्हता. रानातले असे गौण उत्पन्न वेचण्याचा आणि विकण्याचा आदिवासींचा हक्क कायद्याने नीट मान्य झाला तो २००६ च्या वनहक्क कायद्यात, म्हणजे तब्बल एकशे चौदा वर्षांनी.

तिसरा प्रश्न जमिनीचा, आणि तो सर्वांत जुना. भात पिकवायचे कुळाने आणि कोठारात जायचे सावकाराच्या किंवा खोताच्या, ही कोकणपट्टीची रीत. तिच्याविरुद्ध कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळ चरी येथे आगरी कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला. तो १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षे जमीन पडीक ठेवून रानातल्या लाकूडफाट्यावर दिवस काढणाऱ्या त्या घरांतून शिमग्याला पुरण कसे शिजले असेल, याचा विचार गृहिणींनीच करावा. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू उचलून धरली. पुढे कूळकायदे झाले. त्यांतला १९४८ चा कायदा महत्त्वाचा, आणि त्याच्या दुरुस्तीने ठरलेला ‘कृषक दिन’ त्याहून महत्त्वाचा. त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाने ती विकत घेतली असे कायद्याने मानले जाणार होते.

तो दिवस १ एप्रिल १९५७. आता पंचांग उघडून पाहा. त्या दिवशी चैत्र शुद्ध प्रतिपदा होती, शके १८७९ चा गुढीपाडवा! सरकारी वर्षाचा पहिला दिवस आणि शालिवाहन शकाचा पहिला दिवस हे दोन्ही एकत्र आले, हा योगायोगच म्हणायचा. पण तो किती बोलका! ज्या सकाळी दारात गुढी उभारायची, कडुलिंबाचे पान चावायचे, गाठी वाटायची, त्याच सकाळी शेकडो गावांतले कूळ कायद्याच्या नजरेत मालक झाले. अर्थात गुढी उभारली आणि सातबारा बदलला, इतके ते सोपे नव्हते. किंमत ठरायची होती, हप्ते भरायचे होते, ‘बत्तीस ग’ च्या खटल्यांसाठी तालुक्याच्या वाऱ्या करायच्या होत्या. तरीही ठाणे जिल्ह्यातल्या भातखाचरांवर त्या पाडव्याइतका मोठा पाडवा दुसरा झाला नाही, असे मी म्हणतो.

पाडव्यामागोमाग चैत्राची वर्दळ सुरू होते. घरोघर चैत्रगौर बसते. कैरीची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे यांनी दुपार गार होते. शुद्ध षष्ठी-सप्तमीच्या सुमारास आगरी-कोळी मंडळींच्या पालख्या घाट चढून कार्ल्याच्या एकवीरेला जातात. अमावास्येनंतर चंद्राची पहिली कोर दिसली की शेजारच्या उल्हासनगरात सिंधी बांधवांचा चेटीचंड साजरा होतो. फाळणीत घरदार गमावून कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या या लोकांच्या वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांनी सिंधू नदी मागे ठेवली, पण झुलेलालला बरोबर आणले. जमीन सुटली तरी सण सुटत नाही, याचा हा दाखला आमच्या अगदी दारात आहे.

आणि हाच दाखला आज मांजर्लीच्या उपयोगी पडण्याची वेळ आली आहे. कुळगाव-बदलापूरची वस्ती २००१ साली लाखाच्या आत होती. २०११ च्या शिरगणतीत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. ज्या खाचरांसाठी कमिशनपुढे गाऱ्हाणी झाली, हप्ते फेडले गेले, त्यांतल्या कितीतरी खाचरांवर आज इमारती उभ्या आहेत. यात कोणाला दोष द्यावा? मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे आलेला कारकून हाही पोटामागेच आला आहे, आणि जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलालाही शिक्षणाची नि नोकरीची आस आहे. जमिनीचा मालक झालेल्या माणसाला ती विकण्याचाही हक्क मिळाला, हे त्या पाडव्याचेच दुसरे अंग आहे.

राब गेला, तरी होळी राहिली. मात्र आता तिच्यापुढे चौथा प्रश्न उभा आहे, तो जागेचा. होळीची जागा ही गावाची सर्वांत जुनी सार्वजनिक जागा. तिथे देऊळ नाही, भिंत नाही, पाटी नाही. वर्षातून एकदा तिथे राख पडते, एवढीच तिची निशाणी. अशी जागा नकाशावर मोकळी दिसते आणि मोकळी दिसणारी जागा शहराला फार दिवस पाहवत नाही. लाकडाचा, फुलाचा आणि जमिनीचा हक्क ज्यांनी भांडून मिळवला, त्यांच्या नातवंडांना दहा हात रुंद जागेसाठीही जागे राहावे लागेल. त्या कामी नव्या इमारतींतली बिऱ्हाडे त्यांच्या बाजूने उभी राहिली, तर ते काम निम्मे सोपे होईल.

तेव्हा, वाचकहो, पुढच्या फाल्गुनात गावाकडून बायकांच्या फेराची गाणी ऐकू आली, तर खिडकी लावून घेऊ नका. पोरांना घेऊन खाली उतरा. एखाद्या म्हाताऱ्या बाबांना राब कसा भाजत असत ते विचारा, एखाद्या आजीला तिच्या माहेरच्या होळीची गोष्ट विचारा. मुले ऐकतील, आणि निबंधात कोकिळेच्या जोडीला राबाचा धूरही येईल. तसा एक जरी निबंध माझ्या हाती पडला, तर त्याला मी दहापैकी नऊ गुण देईन. उरलेला एक मात्र शुद्धलेखनासाठी हाती राखून ठेवीन.