'निर्जन' कोणाच्या मते? : सालार दे उयुनीचं मीठ आणि आपली साधनं

मिठाच्या व्यापारावरच्या माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात बोलिव्हियातल्या सालार दे उयुनीबद्दल एक वाक्य होतं: 'हा निर्जन मिठाचा पट्टा निसर्गाचा चमत्कार आहे.' गाईडनी 'निर्जन'भोवती पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'कोणाच्या मते?'

चमत्कार तर आहेच. साधारण ३,६५० मीटर उंचीवर दहा हजार चौरस किलोमीटरहून जास्त मीठ. प्राचीन सरोवरं आटली आणि हा थर मागे राहिला. इतका सपाट, की उपग्रहांवरची उंची मोजणारी उपकरणं तपासायला तो वापरतात.

पण निर्जन? काठावरच्या गावांतली माणसं कुऱ्हाडीने मिठाच्या लाद्या तोडायची, लामांच्या पाठीवर लादायची आणि कित्येक दिवस चालून खालच्या खोऱ्यांत मक्याच्या बदल्यात द्यायची. एक लामा वाहून वाहून किती वाहणार, वीस-पंचवीस किलो! म्हणजे तांडा केवढा लागत असेल बघा.

अडचण इथेच आहे. मालाच्या बदल्यात माल. पावती नाही की खातेवही नाही. याउलट जवळच्या पोतोसीच्या चांदीचे, म्हणजे १५४५ नंतरचे, कागद ढिगाने सापडतात, कारण स्पेनच्या राजाला तिच्यातला पाचवा हिस्सा हवा असायचा. जिथे कर तिथे दप्तर. १८८९ मध्ये उयुनी शहर वसलं, अंतोफागास्ता बंदराकडून रेल्वे आली, तीही पुलाकायोच्या खाणीतल्या चांदीसाठी. मी फक्त असेच कागद वाचून 'निर्जन' लिहून मोकळा झालो होतो!

मग मिठाचा माग काढायचा कसा? पुरातत्त्वज्ञांनी तांड्यांच्या वाटा आणि मुक्कामाचे दगडी आडोसे नोंदवले. काही अभ्यासक विसाव्या शतकात उरलेल्या तांड्यांबरोबर स्वतः चालले. शिवाय लोककथा आहेत. तुनुपा नावाची स्त्री डोंगर झाली, तिचं दूध आणि आसवं सांडली, त्याचं हे मीठ झालं. ही कथा तारखेसाठी निरुपयोगी, पण मीठ कोणाचं या प्रश्नासाठी मोलाची.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. या मिठाखालच्या खाऱ्या पाण्यात लिथियमचा प्रचंड साठा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका अमेरिकी कंपनीशी करार झाला. पोतोसीतून विरोध झाला आणि तो बारगळला. २०१९ मध्ये एका जर्मन कंपनीबरोबरचा प्रकल्प अशाच आंदोलनानंतर रद्द झाला. आंदोलकांना जास्त रॉयल्टी हवी होती. नुसत्या बातम्या वाचल्या तर हा विकासाला विरोध वाटतो. चांदी कुठे गेली आणि पोतोसीच्या हाती काय उरलं, हे वाचून पुन्हा त्याच बातम्या काढा.

दुसऱ्या मसुद्यात मी 'निर्जन' खोडून 'दप्तरात फारसा न सापडणारा' असं लिहिलं. या वेळी गाईडनी पेन्सिल 'फारसा'वर टेकवली आणि विचारलं, "किती दप्तरं पाहिलीस?"