टू-व्हील ड्राइव्ह पिकअपचे हिवाळी वाहनचालन

ज्या पिकअप ट्रकमध्ये इंजिनाची शक्ती चारांपैकी केवळ दोन, बहुधा मागच्या, चाकांना मिळते, तो हिमाच्छादित किंवा गोठलेल्या रस्त्यावर चालवण्यास टू-व्हील ड्राइव्ह पिकअपचे हिवाळी वाहनचालन असे म्हणता येईल. अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये आणि कॅनडा येथे दरवर्षी काही महिने हा नित्याचा प्रश्न असतो. चारही चाकांना शक्ती देणारे पिकअप तेथे सर्रास मिळतात. परंतु ते महाग व जड असतात आणि इंधनही अधिक घेतात. त्यामुळे शेतकरी, सुतार, नळकारागीर आणि जुनी वाहने वापरणारे अनेक जण दोन चाकांच्या चालनावरच हिवाळा काढतात.

रिकामा पिकअप पुढे जड आणि मागे हलका असतो, शक्ती मात्र मागच्या चाकांना मिळते. बहुतेक अडचणी या एका विसंगतीतून निर्माण होतात.

आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम आणि रस्त्यावर गोठलेले कठीण पाणी या दोहोंना मराठीत सामान्यतः बर्फ म्हटले जाते. चालकाच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे पृष्ठभाग आहेत. म्हणून या लेखात पहिल्यासाठी ‘हिम’ आणि दुसऱ्यासाठी ‘बर्फ’ हे शब्द वापरले आहेत.

वजन आणि पकड

चाक रस्त्याला किती जोराने मागे ढकलू शकते, हे घर्षणांक आणि त्या चाकावरील वजन यांच्या गुणाकारावर ठरते. कोरड्या डांबरावर घर्षणांक सुमारे ०.७ ते ०.८ असतो. दाबल्या गेलेल्या हिमावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत उतरतो आणि बर्फावर ०.१ च्या आसपास येतो. शून्य अंशाजवळचा, वर पाण्याचा पातळ थर असलेला बर्फ हा कडाक्याच्या थंडीतील बर्फापेक्षा अधिक निसरडा असतो. त्यामुळे तापमान वाढू लागल्यावर चालकाने निश्चिंत होणे धोक्याचे ठरते.

इंजिन, गिअरपेटी आणि चालकाची केबिन हे सर्व पुढे असल्याने रिकाम्या पिकअपचे साधारण ६०% वजन पुढच्या आसावर पडते. वाहन २,००० किलोचे धरल्यास मागच्या दोन चाकांवर ८०० किलोच उरतात. घर्षणांक ०.२ असताना ही चाके एकूण वजनाच्या सुमारे ८% इतकाच रेटा देऊ शकतात. म्हणजे दर १०० मीटरला ८ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर वाहन जवळजवळ जागीच थांबते. बर्फावर हीच मर्यादा ४% वर येते, आणि घरासमोरचा साधा उतारही तेवढा असू शकतो. चढावर काही वजन मागे सरकत असल्याने प्रत्यक्षातील आकडा किंचित बरा असतो. चारही चाके चालती असल्यास, त्याच टायरांवर, ही मर्यादा दुपटीहून अधिक असते.

हौद्यातील भार

मागच्या चाकांची पकड वाढवण्यासाठी हौद्यात वजन ठेवण्याची पद्धत जुनी आणि प्रभावी आहे. मात्र वजन कोठे ठेवले, याला ते किती ठेवले याइतकेच महत्त्व असते. वरील उदाहरणात २०० किलो वाळू नेमकी मागच्या आसावर ठेवल्यास मागच्या चाकांवर १,००० किलो येतात आणि त्यांचा वाटा ४०% वरून सुमारे ४५% होतो. हीच वाळू आसाच्या ७० सेंटिमीटर मागे, फळीला टेकवून ठेवली आणि दोन आसांमधील अंतर ३.५ मीटर असले, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरील ४० किलो भार उचलला जातो. मागची पकड वाढते खरी, पण सुकाणू हलके पडते आणि वळणावर वाहन सरळ जाऊ लागते. म्हणून भार आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे ठेवतात.

उत्तर अमेरिकेत यासाठी लांबट नळीसारख्या वाळूच्या पिशव्या विकल्या जातात. प्रत्येकीचे वजन साधारण २७ ते ३२ किलो असते. वाळूचा आणखी एक उपयोग असा की वाहन अडकल्यास पिशवी फोडून ती चाकांखाली पसरता येते. काँक्रीटचे ठोकळे, लोखंडी पट्ट्या किंवा जुने इंजिन ठेवणारेही आढळतात. न बांधलेली अशी वस्तू टक्कर झाल्यास केबिनची मागची काच फोडून आत येऊ शकते. हौद्यात फावड्याने हिम भरण्याचा फुकटचा उपायही प्रचलित आहे; परंतु हिम वितळते, पुन्हा गोठते आणि गोठलेला तो ठोकळा इकडून तिकडे घसरत राहतो. कोणताही भार वाहनाच्या ठरलेल्या वहनक्षमतेतच असावा लागतो.

टायर आणि साखळ्या

साधारण ७ अंश सेल्सिअसखाली उन्हाळी टायरांचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरांचे रबर थंडीत लवचीक राहते आणि त्यांवरील बारीक चिरा हिमाला धरून ठेवतात. तीन शिखरे व त्यांत हिमकण असे चिन्ह असलेला टायर हिमावरील ठराविक चाचणीत उतरलेला असतो. नुसते ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि हिम, असे लिहिलेल्या टायरासाठी तशी चाचणी आवश्यक नसते.

काटकसर म्हणून केवळ मागे दोन हिवाळी टायर बसवण्याची चूक वारंवार होते. असे वाहन निघते चांगले. पण वळवण्याचे आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या चाकांकडे असल्याने ते वळत नाही आणि वेळेवर थांबतही नाही. चारही टायर हिवाळी असणे हा दोनचाकी चालनातील सर्वांत उपयुक्त खर्च मानावा लागतो. तापमान सुमारे ५.५ अंशांनी उतरले की टायरातील हवेचा दाब साधारण एक पीएसआयने घटतो, त्यामुळे थंडीत तो वरचेवर तपासावा लागतो.

साखळ्या चालत्या चाकांवर, म्हणजे येथे मागे, बांधतात आणि वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत ठेवतात.

डिफरन्शियल आणि इलेक्ट्रॉनिक साहाय्य

साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच पीळ मिळतो. एक चाक बर्फावर आणि दुसरे डांबरावर असल्यास बर्फावरचे चाक गरगर फिरते व दुसरे स्वस्थ राहते. मर्यादित घसरणीच्या किंवा कुलूपबंद होणाऱ्या डिफरन्शियलने ही अडचण बरीच दूर होते. मात्र दोन्ही चाके एकदम सुटली तर वाहनाचा मागचा भाग रस्त्याच्या उताराकडे सरकतो.

रिकाम्या पिकअपची मागची चाके ब्रेक लावताच अडकतात, हा दोष उत्पादकांनाही जाणवला होता. फोर्डने १९८७ मध्ये एफ-मालिकेतील पिकअपवर केवळ मागच्या चाकांसाठी अँटिलॉक ब्रेक दिले, त्यामागे हेच कारण होते. इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण अमेरिकेत २०१२ च्या मॉडेल वर्षापासून हलक्या वाहनांवर अनिवार्य झाले. त्याआधीच्या अनेक पिकअपमध्ये चालकाचे हातपाय हेच नियंत्रण असते.

चालवण्याची रीत

निघताना अ‍ॅक्सिलरेटर हळुवार दाबतात. हस्तचलित गिअर असल्यास दुसऱ्या गिअरमध्ये निघतात, जेणेकरून चाकांवर पीळ कमी येईल. चढापूर्वी थोडा वेग घेऊन तो टिकवतात, कारण मध्येच थांबल्यावर पुन्हा निघणे बहुधा अशक्य होते. निसरड्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल बंद ठेवतात. उतारावर झटक्याने खालचा गिअर टाकल्यास इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांवर पडतो आणि हातब्रेक ओढल्यासारखा परिणाम होतो. मागचा भाग घसरू लागल्यास पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून, ब्रेक न दाबता, जिकडे जायचे आहे तिकडे सुकाणू वळवतात आणि वाहन सरळ होताच तेही सरळ करतात. येथे उशीर झाला तर वाहन उलट बाजूस फेकले जाते; अनेक अपघात पहिल्या घसरणीत नव्हे, तर या दुसऱ्या हेलकाव्यात होतात.

थांबण्याच्या बाबतीत दोनचाकी आणि चारचाकी चालनात फरक नसतो, कारण ब्रेक सर्वच वाहनांत चारही चाकांना असतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन घर्षणांक ०.७ असताना ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दाबल्या हिमावर त्याला सुमारे ४९ मीटर लागतात, तर बर्फावर ९८ मीटर. हौद्यातील वाळूने हे अंतर घटत नाही. पूल खालूनही थंड होत असल्याने त्यांवर रस्त्याआधी बर्फ धरतो.

अडकल्यावर

चाके जोरात फिरवल्याने खालचे हिम वितळून बर्फ होतो आणि खड्डा खोल होतो. चाकांपुढचे हिम फावड्याने काढून, वाळू टाकून, वाहन पुढे-मागे हलके झुलवत बाहेर काढतात. हिमवादळात वाहनातच थांबावे लागल्यास मुख्य धोका कार्बन मोनॉक्साइडचा असतो. धुराडे हिमाने बुजले की हा वासरहित वायू केबिनमध्ये साचतो. म्हणून धुराडे मोकळे करूनच इंजिन चालू करतात, ते तासाला सुमारे दहा मिनिटेच चालवतात आणि एक काच किंचित उघडी ठेवतात.

कायदे

क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियात डॉनर खिंडीसारख्या मार्गांवर साखळ्यांचे तीन टप्पे लागू होतात. पहिल्या टप्प्यात चालत्या चाकांवर हिमाचे टायर असलेल्या हलक्या पिकअपला सूट मिळते. दुसऱ्यात ती केवळ चारचाकी चालनाच्या, चारही हिमाचे टायर असलेल्या वाहनांना उरते. दोनचाकी पिकअपला साखळ्या बांधाव्याच लागतात. तिसऱ्यात कोणालाही सूट नसते.

भारतात

महिंद्रा बोलेरो पिकअप आणि टाटा योद्धा यांसारखी मागच्या चाकांवर चालणारी वाहने हिमाचल प्रदेश, काश्मीर आणि लडाखमध्येही मालवाहतूक करतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलशी हिवाळ्यातही वाहतूक शक्य झाली. त्यामुळे पूर्वी रोहतांग खिंड बंद होताच थांबणारी वाहने आता हिमातील रस्त्यावर येऊ लागली. हिमवृष्टीच्या वेळी मनालीच्या वरच्या बाजूस प्रशासन बहुधा चारचाकी चालनाची आणि साखळ्या बांधलेली वाहनेच सोडते; इतरांना सीमा रस्ते संघटनेने मार्ग मोकळा करेपर्यंत थांबावे लागते.