संगणकावरची चावडी

चार माणसे जमली की बोलणे सुरू होते. पण बोलणे निराळे आणि चर्चा निराळी. चर्चेला नेमका विषय लागतो, दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय लागते, आणि काय बोलणे झाले ते टिपून ठेवणारा कोणीतरी लागतो. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला, तो याच समजुतीवर. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. मंडळी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत बोलत, आणि चर्चेचा अहवाल व शंका केंद्राकडे पाठवीत.

आज मी तुम्हांला अशाच मंडळांची हकीकत सांगणार आहे. फरक एवढाच की ती संगणकावर भरत असत. त्यांचे नाव यूजनेट.

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन याने तिचा पहिला आराखडा संगणकावर चालवून दाखवला. व्यवस्था मोठी साधी होती. एक संगणक दुसऱ्याला टेलिफोन लावी आणि नवे संदेश त्याच्या हवाली करी. दुसरा तिसऱ्याला देई. टपालाची थैली गावोगाव फिरावी तसेच हे. मात्र इथे प्रत्येक गाव त्या थैलीतल्या पत्रांची नक्कल आपल्याकडे ठेवून घेई. त्यामुळे ही चावडी कोणा एकाच्या मालकीची नव्हती. एक संगणक बंद पडला तरी बोलणे चालूच राही.

या चावडीवर प्रत्येक विषयाची बैठक वेगळी. विज्ञानाची वेगळी, संगणकाची वेगळी, छंदांची वेगळी. पुढे मराठीसाठीही एक बैठक निघाली. परदेशी गेलेली आपली मंडळी तिथे जमत आणि बहुधा रोमन अक्षरांत मराठी लिहीत. तेच ते प्रश्न वारंवार येऊ लागले, तेव्हा जाणत्यांनी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र लिहून ठेवण्याची चाल पाडली. नव्या माणसाने आधी ती वाचायची, मग तोंड उघडायचे. १९९१ च्या ऑगस्ट महिन्यात टिम बर्नर्स-ली याने आपल्या वर्ल्ड वाइड वेबची आणि लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स या प्रणालीची वार्ता जगाला दिली, ती याच बैठकांतून.

मग अशी भरलेली चावडी ओस का पडली?

पहिले कारण गर्दी. दर सप्टेंबरात कॉलेजांत नवे विद्यार्थी येत, थोडा गोंधळ घालीत, आणि महिन्या-दोन महिन्यांत रीत शिकत. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी आपल्या लक्षावधी ग्राहकांना इथले दार उघडून दिले. शिकणारे इतके झाले की शिकवणारे अपुरे पडले. यात नव्या माणसांचा दोष तो काय? ज्या शाळेत एका वर्षात हजार मुले येतात आणि गुरुजी मात्र दोनच असतात, तिथे असेच व्हायचे. दुसरे कारण जाहिरात. १९९४ साली अमेरिकेतील दोन वकिलांनी आपल्या धंद्याची एकच जाहिरात हजारो बैठकांत टाकली. दार सर्वांना उघडे, आणि दारात राखणदार नाही! तिसरे कारण म्हणजे खर्च. लोक तिथे मोठमोठ्या फाइली पाठवू लागले आणि ते ओझे वाहणे संस्थांना परवडेनासे झाले.

तेवढ्यात फेसबुकासारखी समाजमाध्यमे आली. फेसबुक २००४ साली निघाले आणि २००६ साली सर्वांना खुले झाले. २००९ साली व्हॉट्सअ‍ॅप आले. शिकायला सोपी, फोटोसकट, पुढे तर खिशातल्या फोनवर. पण रीत बदलली. पूर्वी माणूस विषयाकडे जाई. आता तो ओळखीच्या माणसांकडे जातो. फेसबुकावर तर आधी काय दिसावे हेही बव्हंशी कंपनीच ठरवते. जिथून यूजनेट निघाले त्या ड्यूक विद्यापीठाने २०१० साली आपला यूजनेटचा संगणक बंद केला. गूगलनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याकडून तिथे नवे संदेश पाठवणे थांबवले. काही बैठका अजून चालतात, पण ती वर्दळ राहिली नाही.

नव्या माध्यमांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्यांना लिहिता येत नाही तेही आज आपल्या आवाजात निरोप धाडतात, आणि देवनागरीत लिहिणे सोपे झाले आहे. प्रश्न आहे तो स्मरणाचा. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात काम करणाऱ्या हेन्री स्पेन्सर याने १९८१ पासून यूजनेटचे संदेश चुंबकीय फितींवर जपून ठेवले. कोणी सांगितले म्हणून नव्हे. म्हणूनच ते जुने बोलणे २००१ साली गूगलला सर्वांपुढे ठेवता आले. उलट, ज्या चावड्या एकाच कंपनीच्या होत्या त्यांचे काय झाले पाहा. आपल्याकडे फार लोकप्रिय असलेले ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. याहूच्या गटांतील जुना मजकूर २०१९ च्या अखेरीस काढून टाकायला सुरुवात झाली आणि २०२० च्या डिसेंबरात ते गटही मिटले. मालकाने कुलूप लावले, की आतले सामान त्याचेच!

आता आपल्या गावाकडे वळू. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणी बोंडअळीवर उपाय विचारतो. एखादा अनुभवी शेतकरी चांगले उत्तर देतो. दुसऱ्या दिवशी शुभ सकाळचे पन्नास संदेश येतात आणि उत्तर त्याखाली गडप होते. पुढच्या हंगामात पुन्हा तोच प्रश्न. तोवर उत्तर देणारा असेलच असे नाही.

गुरुजनहो, यावर उपाय महाग नाही. शाळेत किंवा वाचनालयात एक जाड वही ठेवा. गटावर कामाचे उत्तर आले, की मुलांकडून ते उतरवून घ्या. प्रश्न, उत्तर, देणाऱ्याचे नाव आणि तारीख, एवढे पुरे. विहिरीचे पाणी केव्हा आटले, कोणते बियाणे फळले, गुरांच्या साथीत काय उपयोगी पडले, हे त्या वहीत साठू द्या. फोन बदलतील, कंपन्या येतील आणि जातील. वही मात्र गावाची राहील.