दोन साष्टींची दोन व्याकरणे

पोर्तुगीज कागदपत्रे वाचणाऱ्या अभ्यासकाची एका नावापाशी हमखास फसगत होते. ते नाव साष्टी. गोव्यातील मडगाव-राशोलचा परिसर ही एक साष्टी; माहीमच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेले, मुंबईच्या उत्तरेचे बेट ही दुसरी. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, अशी व्युत्पत्ती दोहोंकडे सांगितली जाते आणि पोर्तुगीज दप्तरातही दोघींची नावे एकच आहेत. दुसऱ्या साष्टीच्या उत्तर टोकाशी दहिसर आहे. दहिसर नदीच्या जुन्या काठावरील मंडपेश्वराचे शैव लेणे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पंथीयांनी ताब्यात घेतले व तेथे आपला मठ आणि विद्यालय उभारले. येथील ख्रिस्ती प्रजेला तिच्याच बोलीत उपदेश करावयाचा, तर ती बोली प्रथम पाद्र्यांनी शिकली पाहिजे. आणि शिकावयाची तर तिचे पुस्तक पाहिजे. ही निकड दोन्ही साष्टींत सारखीच होती. दोहोंकडे व्याकरणे लिहिली गेली. एक १६४० साली छापले गेले, दुसरे १८५८ साली. या दोनशे अठरा वर्षांच्या अंतराचा विचार येथे करावयाचा आहे. व्याकरणांचे अंतरंग हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. लेखकाच्या हातचा मजकूर छापखान्याकडे देण्याजोगा करताना त्याच्यावर काय काय घडते, आणि ते न घडल्यास काय होते, एवढाच प्रश्न आहे.

पहिले व्याकरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हे इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आले व उर्वरित आयुष्य त्यांनी मुख्यतः गोव्याच्या साष्टीत काढले. मराठीचे वाचक त्यांना 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून ओळखतात. त्यांचे 'आर्ते दा लिंग्वा कानारी' हे कोंकणीचे व्याकरण राशोल येथे छापले गेले, तेव्हा त्यांच्या मृत्यूला एकवीस वर्षे झाली होती. ('कानारी' हे पोर्तुगिजांनी किनाऱ्यावरील या भाषेस दिलेले नाव, कन्नडशी त्याचा घोटाळा करू नये.) भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून या ग्रंथाचा उल्लेख सर्वत्र होतो, परंतु त्याच्या शीर्षकपृष्ठाकडे द्यावे तितके लक्ष दिले गेलेले नाही. पुस्तक स्टीफन्स यांनी रचले, दिओगो रिबैरो यांनी त्यात भर घातली आणि त्याच संघाच्या आणखी चार पाद्र्यांनी ते नव्याने तपासून दुरुस्त केले, असे ते पृष्ठ स्पष्टपणे सांगते.

म्हणजे एका पुस्तकावर सहा जणांचे हात फिरले. काव्यग्रंथावर असे सहा हात फिरले असते तर आपण त्याला विटंबना म्हटले असते. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत तेच भूषण ठरते व शीर्षकपृष्ठावर मिरवले जाते, कारण पाठ्यपुस्तकाची प्रामाण्यता एकाच्या प्रतिभेवर उभी नसते. ती अनेकांच्या संमतीवर असते. परंतु अनेकांची संमती मिळवण्याचा मार्ग म्हणजे ज्यावर मतभेद होईल ते काढून टाकणे. एका गावी एक रूप, दुसऱ्या गावी दुसरे. एका जातीत एक उच्चार, दुसऱ्या जातीत निराळा. चौघांच्या तपासणीतून यांतील कोणते टिकते? स्टीफन्स यांचेच दुसरे पाठ्यपुस्तक या प्रश्नाचे उत्तर उघडपणे देते. १६२२ साली, म्हणजे तेही मरणोत्तर, छापलेले 'दौत्रिन क्रिस्तां' मुलांना शिकवण्यासाठी संवादरूपाने रचलेले आहे, आणि त्याच्या शीर्षकातच त्याची भाषा 'ब्राह्मण कानारी' असल्याचे नमूद आहे. कोणाची बोली नियम मानावयाची, हा निर्णय मुद्रणप्रत तयार होण्यापूर्वीच झालेला होता. तो लपवलेला नाही, हे मला त्या पुस्तकाचे मोठेपण वाटते. पुढच्या काळातील पाठ्यपुस्तके हा निर्णय करतात, पण सांगत नाहीत.

लिपीचा प्रश्न याहून अवघड होता. स्थानिक लिपीत पुस्तके छापावीत अशी स्टीफन्स यांची फार दिवसांची इच्छा होती. १६०८ साली आपल्या संघाच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती मांडली आणि अडचणही सांगितली: युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे सहाशेच्या घरात साचे ओतावे लागतील. ते घडले नाही. रोमी खिळ्यांवरच भागवावे लागले, आणि रोमी लिपीत ट, ड, ण, ळ या मूर्धन्य वर्णांना चिन्हे नसल्याने एकच अक्षर दोनदा लिहिण्याची युक्ती रूढ झाली. रोमी कोंकणीत ती आजही चालते. हस्तलिखित सिद्ध करणाराने एखादे अक्षर एकेरी लिहिले की दुहेरी, यावर पुढच्या पिढ्यांचे त्या भाषेच्या उच्चाराविषयीचे ज्ञान अवलंबून राहिले.

आता दुसऱ्या साष्टीकडे वळू. वसई-ठाण्याच्या मुलखास पोर्तुगीज 'उत्तर प्रांत' म्हणत. तेथील बोलीचे एक व्याकरण सतराव्या शतकात एका पोर्तुगीज पाद्र्याने लिहिले. त्यावर कर्त्याचे नाव नाही. भर घालणाराचे नाही, तपासणाराचेही नाही. ते छापखान्यापर्यंत पोहोचले नाही. याला कारणे होती. गोव्यातील छपाई सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरत जाऊन थांबली व १८२१ सालीच पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात राज्यकर्त्यांचे धोरणही फिरले होते. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढून ख्रिस्ती प्रजेने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले. ज्या भाषेवरच बंदी घातली, तिचे व्याकरण कोण छापणार? १७३९ साली वसई मराठ्यांकडे आली आणि ज्यांच्यासाठी ते पुस्तक लिहिले होते ते पाद्रीच त्या मुलखातून गेले.

हे हस्तलिखित अखेर छापले ते जोआकिम एल्योदोरो दा कुन्य रिवार यांनी, पणजीच्या सरकारी छापखान्यात, १८५८ साली. रिवार गोवा सरकारचे मुख्य सचिव होते, आणि मुलांचे शिक्षण त्यांच्या मातृभाषेतून व्हावे असा त्यांचा आग्रह होता. तेथील अध्यापकशाळेच्या उद्घाटनप्रसंगी १८५६ साली त्यांनी तो जाहीरपणे मांडला. पाठोपाठ १८५७ साली स्टीफन्स यांच्या व्याकरणाची दुसरी आवृत्ती, १८५८ साली हे उत्तरेचे व्याकरण, १८५९ साली एका इटालियन पाद्र्याने रचलेले तिसरे, असा क्रम त्यांनी लावला. तेव्हा ही प्रकाशने केवळ पुराणवस्तुप्रेमातून झालेली नाहीत. भावी शालेय पुस्तकांसाठी घातलेला तो पाया होता. मात्र योगायोग असा की, ठाण्याकडील साष्टीची बोली छापली गेली ती गोव्याच्या शाळांचा विचार मनात धरून. खुद्द त्या साष्टीत तोपर्यंत निराळी पुस्तके येऊन पोहोचली होती.

ती आली मुंबईहून. १८२२ साली स्थापन झालेल्या स्कूल बुक सोसायटीने मराठी पाठ्यपुस्तके तयार करविण्याचे काम शास्त्रीमंडळी व इंग्रज अधिकारी यांच्या संयुक्त देखरेखीखाली चालविले. दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघाले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. मेजर कँडी यांनी विरामचिन्हांची परिभाषा सिद्ध केली, आणि शालेय पुस्तकांच्या मजकुरावर दीर्घकाळ त्यांचा हात फिरत राहिला. हा इतिहास सुपरिचित असल्याने येथे विस्तार नको. आपल्या प्रश्नापुरते इतकेच की, या मुद्रणप्रतींतून जी मराठी बाहेर पडली ती शास्त्रीमंडळींच्या लेखणीतली शिष्ट मराठी होती. उत्तर कोकणच्या आगरी, कोळी व किरिस्ताव बोलींत 'ण'चा 'न', 'ळ'चा 'ल' आणि 'ड'चा 'र' होण्याकडे कल आहे. 'पानी', 'काला', 'घोरा' म्हणणारे मूल शाळेत आले म्हणजे पहिल्याच दिवशी चुकत असे. त्या मुलाच्या उच्चाराला नियम म्हणणारे एक पुस्तक कधी काळी लिहिले गेले होते, हे त्याच्या पंतोजींना कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात या बोली कोंकणीत न घालता कोकणातील मराठीत घातल्या आहेत. रिवार यांनी मात्र आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात 'कोंकणी' हाच शब्द वापरला. हा वाद येथे मिटवण्याचे कारण नाही. परंतु १८५८ च्या पुस्तकाची किंमत केवळ या वादातील एक पुरावा म्हणून करणे मला मान्य नाही. स्टीफन्स यांच्या व्याकरणास सहा जणांनी घडवले म्हणून ते शिकवण्यास योग्य झाले. उत्तरेच्या व्याकरणास असे संस्कार करणाऱ्या मंडळाचा मागमूस नाही, म्हणून एका कानाने ऐकलेली बोली त्यात शोधता येण्याचा संभव अधिक. वर्गात पहिल्याचा उपयोग झाला. आपल्याला, म्हणजे बोलींच्या इतिहासकाराला, दुसऱ्याचा होण्याजोगा आहे.

तो करून घ्यावयाचा तर मूळ पुस्तकाची देवनागरी लिप्यंतरासह नवी आवृत्ती सिद्ध करावी लागेल, आणि गोराई, मनोरी, दहिसर, बोरिवली येथील ईस्ट इंडियन कुटुंबांतील वृद्ध माणसांच्या बोलण्याशी ती ताडून पाहावी लागेल. हे बोलणे घरातल्या घरात आक्रसत चालले आहे. त्या आवृत्तीच्या मुद्रणप्रतीवर बसणाऱ्या संपादकापुढे राशोलच्या चार पाद्र्यांचाच प्रश्न पुन्हा उभा राहील. रोमी मजकुरात जेथे 'ल' एकेरी आढळेल आणि प्रमाण मराठीत मात्र 'ळ' असेल, तेथे हात सवयीने 'ळ' लिहू पाहील, आणि मुद्रिते तपासणारा ते शुद्ध म्हणून पुढे जाऊ देईल. तेथे 'ल'च लिहावा, आणि तो का लिहिला हे प्रस्तावनेत सांगावे.