नळदुर्गचा पाणीमहाल

तुळजापुरास आप्तांच्या घरीं गेलेला पाहुणा देवीचें दर्शन आटोपल्यावर विचारतो, "आतां उद्यां काय पाहावें?" घरांतील वडील मंडळी सांगतात, "पाऊस झाला असेल तर नळदुर्गास जा." हा सल्ला अर्धाच खरा आहे. बोरी नदी भरली म्हणजे तेथील बांधावरून नर व मादी हे दोन धबधबे कोसळतात. त्यांच्यासाठीं लोटलेली गर्दी तुषार अंगावर घेते, छायाचित्रें काढते व परतते. परंतु त्या बांधाचें मर्म ज्यास जाणावयाचें असेल, त्यानें कोरड्या दिवशींहि तेथें जावें.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील हा किल्ला बहामनी सत्तेनंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. त्याच्या तटास शंभराहून अधिक बुरूज आहेत. उंच उपळी बुरुजावरून दूरवरचा मुलूख दिसतो. पण काळ्या पाषाणाच्या पठारावर शिबंदी ठेवावयाची तर तोफेआधीं पाण्याची तरतूद हवी. बोरी ही पावसाळी नदी. उन्हाळ्यांत तिची धार रोडावते. म्हणून किल्ला व समोरचें रणमंडळ यांच्यामधील तिच्या पात्रांत दगडी बांध घालण्यांत आला. त्या एका भिंतीनें पाणी साठविलें, शत्रूची वाट अडविली आणि दोन्ही तट एकमेकांस जोडले.

चौथें काम विलासाचें. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १६१३ मध्यें, या बांधाच्या पोटांत पाणीमहाल सिद्ध झाला. जिन्यानें आंत उतरावें, तों एका बाजूस अडविलेलें पाणी व दुसऱ्या बाजूस खिडक्या. पुरांत डोक्यावरून नदी वाहत असतांहि आंत बसलेला मनुष्य कोरडा राहतो.

याच इब्राहिमानें १५९९ मध्यें विजापुराजवळ नवरसपूर हें नवें नगर वसविण्यास आरंभ केला होता. १६२४ मध्यें भातवडीची लढाई जिंकून मलिक अंबर विजापुरावर चालून गेला व त्यानें तें नगर लुटलें. हा मलिक अंबर स्वतः पाण्याचा मोठा जाणता. खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, त्यानेंच भूमिगत नहरीनें पाणी आणलें होतें. नवरसपुराचे आज भग्नावशेष उरले आहेत. नळदुर्गचा महाल मात्र शाबूत आहे. नवरसपूर ही राजाची हौस होती, आणि राजाचें बळ ओसरतांच हौसेस कोणी वाली उरला नाहीं. नळदुर्गची हौस मात्र उपयोगाच्या भिंतींत राहावयास आली. ती भिंत पाणी अडवीत उभी राहिली, आणि तिच्यासवें महालहि टिकला.

सायंकाळीं पाहुणा परतला म्हणजे आप्त विचारतात, "पाणी पडत होतें का?" नसलें तरी दिवस वायां गेला नाहीं, असें त्यानें खुशाल सांगावें. दुष्काळाची सवय असलेल्या या जिल्ह्यांत धबधबा आटतो, तेव्हांच तो बांध कशासाठीं बांधला हें नीट समजतें.