मलाक्का : किल्ला आणि उपासना

आफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० साली गोवा घेतले आणि पुढच्याच वर्षी मलाक्का जिंकले. त्यामुळे आज मलेशियात असलेल्या या नगरातील नदी ओलांडून आम्ही टेकडीकडे वळलो, तेव्हा आपण परक्या इतिहासात पाऊल टाकीत आहोत असे आम्हांस वाटले नाही.

नदीच्या मुखाशी वसलेले हे बंदर त्या काळी सुलतानांची राजधानी होते. गुजराती, तमिळ, अरब व चिनी व्यापारी मोसमी वाऱ्यांबरोबर येथे येत. फिरंग्यांनी नगर जिंकताच किल्ला उभारला आणि त्यासाठी मशिदीचे व राजघराण्याच्या कबरींचे दगड वापरले. ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या सत्तेने असा पाया घातला, हे ख्रिस्ती इतिहासकाराने लपवू नये.

टेकडीवरील १५२१ सालचे देवालय आज छपराविना उभे आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४५ पासून या नगरात अनेकदा राहिले. अंजिरो या जपानी गृहस्थाची व त्यांची भेट १५४७ मध्ये येथेच झाली आणि त्यांचे लक्ष जपानकडे वळले. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर त्यांचे देहावसान झाले. पुढील वर्षी त्यांचा देह या देवालयात पुरण्यात आला व तेथून गोव्यास नेण्यात आला. ती रिकामी कबर आजही दिसते.

१६४१ मध्ये वलंदेज आले. तेही ख्रिस्तीच, तरीही त्यांनी कॅथलिकांच्या जाहीर उपासनेस बंदी केली. ज्यांच्या किल्ल्यात इतरांच्या कबरींचे दगड होते, त्यांच्याच धर्मबांधवांवर आता लपून प्रार्थना करण्याची पाळी आली. अखेर १७१० मध्ये सेंट पीटरचे चर्च उभे राहिले. पुढे १८०७ मध्ये इंग्रजांनी किल्ला पाडला. उरली ती एक वेस. फिरंग्यांच्या या वेशीवर वलंदेजांनी कोरलेले १६७० हे साल आहे.

किल्ला गेला, पण मंडळी टिकली. समुद्राकाठच्या वस्तीत फिरंगी व स्थानिक पूर्वजांचे वंशज आजही आपली क्रिस्तांग बोली बोलतात. नदीपलीकडच्या एका रस्त्यावर गणपतीचे मंदिर, मशीद व चिनी मंदिर जवळजवळ आहेत.

तटबंदीने श्रद्धेचे रक्षण होते, या समजुतीला मलाक्काचा इतिहास आधार देत नाही. श्रद्धा तेथे टिकली ती सत्ता गमावलेल्या सामान्य माणसांच्या घरांत. आपल्या मंडळ्यांनी हा धडा विसरू नये.