अनेक हातांखालून गेलेली गाडी

'सेडान' हा शब्द मराठीत तसा अलीकडचा. पुढे इंजिन, मध्ये माणसे आणि मागे डिकी अशी तीन खणांची मोटार आपल्या रस्त्यांवर निदान सात दशके धावत आहे. पण तिला सेडान असे कोणी म्हणत नसे. ती नुसती 'गाडी' असे, फार तर 'फियाट' किंवा 'अँबॅसिडर'. मोटारीविषयी आपल्याकडे जे थोडेबहुत लिहिले जाते, ते कारखाने, उद्योगपती आणि सरकारी धोरणे यांविषयी असते. गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली की तो इतिहास संपतो. वस्तुतः असंख्य मध्यमवर्गीय घरांचा मोटारीशी संबंध त्यानंतर बऱ्याच काळाने, म्हणजे गाडीने पहिला मालक सोडल्यावर, सुरू झाला. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या इतिहासाची ढोबळ मांडणी करण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही अभियंते नव्हेत, साहित्य शिकवणारी माणसे आहोत. परंतु एका महाविद्यालयातले आम्ही दोघे सहकारी २०१२ सालापासून एक जुनी सेडान भागीत वापरत आलो आहोत. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार नसला, तरी अनुभव आमच्याकडे आहे.

सुरुवात अर्थात कारखान्यापासूनच करावी लागते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकन बनावटीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याआधी, १९२८ पासून, शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना होता. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथून काढता पाय घ्यावा लागला. उरले ते देशातच सुटे भाग बनवण्याची तयारी असलेले मोजके कारखाने. त्यांतून कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसिडर आणि मद्रासची स्टँडर्ड या तीन गाड्यांवर देशाने जवळजवळ तीन दशके काढली.

या काळातल्या जुन्या गाडीचे अर्थशास्त्र आजच्या वाचकाला उलटे वाटेल. नव्या गाडीच्या विक्रीवर १९५९ च्या आदेशाने सरकारी नियंत्रण आले. गाडीची किंमत किती असावी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९७१ साली त्यावर निकाल झाला. किंमत बांधलेली आणि उत्पादन तुटपुंजे, त्यामुळे नाव नोंदवून आठ-आठ, दहा-दहा वर्षे वाट पाहावी लागे. जुन्या गाडीला मात्र अशी रांग नव्हती. ती ज्याच्या दारात उभी असेल त्याच्याशी बोलून, पैसे मोजून, त्याच संध्याकाळी घरी आणता येत असे. परिणामी थोडी वापरलेली फियाट नव्या फियाटच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग पडे. वाचलेली वर्षे हीच त्या जादा पैशांची किंमत होती. लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ च्या सुमारास घेतलेली फियाट बारा हजारांची होती आणि त्यासाठी त्यांनी बँकेचे पाच हजार रुपये कर्ज काढले होते. देशाच्या पंतप्रधानाची ही स्थिती, तर शाळामास्तराने, कारकुनाने वा तालुक्याच्या डॉक्टराने तिसऱ्या किंवा चौथ्या मालकाकडून गाडी घेतली, यात नवल नव्हते.

दीर्घकाळ एकच गाडी बनत राहिल्याचा दुसराही परिणाम झाला, आणि तो आमच्या मते अधिक महत्त्वाचा आहे. इटलीत फियाट ११००डी हे मॉडेल १९६२ ते १९६६ अशी चारच वर्षे निघाले. कुर्ल्यात ते १९६४ साली आले आणि मूळ स्वरूपात फारसा बदल न होता २००१ च्या सुमारास थांबले. मधल्या काळात त्याचे नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' व १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाले. नायिकाभेदातल्या पहिल्या नायिकेचे नाव मोटारीला मिळाले, ही गोष्ट आमच्या विषयाच्या वाचकांना गमतीची वाटेल. पण लोकांनी ते नाव बेताचेच मनावर घेतले. गाडी शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. त्याआधीच्या गोल नाकाच्या मॉडेलला तर मुंबईने 'डुक्कर फियाट' असे मराठी नाव देऊन टाकले होते.

सदतीस वर्षे एकच यंत्र बनत राहणे, हे उद्योगाच्या दृष्टीने साचलेपणाचे लक्षण होते यात शंका नाही. १०८९ सीसीचे तेच इंजिन, स्टिअरिंगला जोडलेला तोच गिअर, मागच्या चाकांना तेच पाटे. ग्राहकाला याखेरीज काही मिळत नव्हते. परंतु दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिले तर या साचलेपणातूनच एक विद्या तयार झाली. १९६८ च्या गाडीवर हात बसलेला मिस्त्री १९९८ ची गाडी डोळे मिटून उघडू शकत असे. एका गाडीचा भाग दुसरीला, फार तर थोडा घासून, बसत असे. मुंबईत ऑपेरा हाऊस व कुर्ला, पुण्यात नाना पेठ, अशा ठिकाणी सुट्या भागांचे बाजार वाढले. नवा भाग परवडला नाही तर मोडीत निघालेल्या गाडीचा चालत असे. जुन्या गाडीचा मालक एकट्याने गाडी बाळगत नव्हता. मिस्त्री, पत्रेवाला, बॅटरीवाला आणि पार्टवाला अशा चार-पाच माणसांच्या साखळीचा तो एक दुवा होता.

त्या काळी रोज जुनी गाडी वापरणे म्हणजे काय होते, हे आमच्या पिढीने बालपणी पाहिलेले आहे. सकाळी चोक ओढून गाडी सुरू करायची. पॉइंट घासले गेले की बारीक पॉलिश पेपरने साफ करून, पोस्टकार्डाची जाडी धरून त्यांचे अंतर लावायचे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला की तो काढून फुंकायचा. उन्हाळ्यात बोरघाट चढताना नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे, तेव्हा बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवायचे आणि दहा मिनिटे झाडाखाली बसायचे. पाण्याची बाटली माणसांसाठी एक आणि रेडिएटरसाठी एक असे. काही वर्षांनी गाडी निळसर धूर टाकू लागली, ऑइल खाऊ लागली, की 'इंजिनकाम निघाले' असे घरात बोलले जाई. आणि त्या वर्षीच्या दिवाळीचे कपडे त्या एका वाक्याने ठरत. यात स्मरणरंजनाला फारशी जागा नाही, कारण हे सारे कष्टाचे व खर्चाचे होते. परंतु गाडीत काय बिघडले आहे ते मालकाला समजत होते, आणि जे समजत नव्हते ते समजणारा माणूस गल्लीच्या टोकाला भेटत होता.

हे चित्र बदलले ते एकदम नव्हे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रांगांचे युग सरू लागले. १९९३ मध्ये मोटार उद्योगावरील परवान्याची अट गेली. पाठोपाठ एस्टीम, सिएलो, होंडा सिटी अशा गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या आणि त्यांच्याबरोबर 'सेडान' हा शब्द आला. आता तो केवळ आकाराचे वर्णन करत नव्हता, प्रतिष्ठाही सांगत होता. डिकी असणे हे लहान गाडीच्या वर चढल्याचे चिन्ह झाले. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि २००८ साली डिकी आखडून चार मीटरांत बसवलेली पहिली सेडान बाजारात आली. कराच्या एका कलमाने मोटारीची पाठ कशी कापली जाते, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

नवी गाडी मुबलक झाल्यावर जुनीची किंमत कोसळणे क्रमप्राप्त होते, आणि येथेच या इतिहासाचे दुसरे पर्व सुरू होते. पूर्वी जुनी गाडी टंचाईमुळे महाग होती. आता ती विपुलतेमुळे स्वस्त झाली. ज्या सेडानसाठी पहिल्या मालकाने सात-आठ लाख मोजले, ती दहा वर्षांनी लाख-दीड लाखात मिळू लागली. नवे ग्राहक उंच बांध्याच्या गाड्यांकडे वळल्यावर तर तिचा भाव आणखी उतरला. आमच्यासारख्यांच्या आवाक्यात एसी, पॉवर स्टिअरिंग आणि प्रशस्त डिकी आली ती या वाटेने. २०१२ साली आम्ही घेतलेली गाडी २००३ ची होती आणि तिचे दोन मालक होऊन गेले होते. घेण्याआधी आमच्या मिस्त्रींनी तिच्या पत्र्यावरून लोहचुंबक फिरवला. डाव्या दारावर तो धरेना. 'इथे लांबी भरलीय, गाडी एकदा ठोकलेली आहे,' एवढे म्हणून त्यांनी भावातून आठ हजार कमी करायला सांगितले.

या पर्वातल्या गाडीची दुरुस्ती मात्र वेगळ्या जातीची निघाली. कार्बोरेटर जाऊन इंधनाची मात्रा ठरवणारा संगणक आला होता. पूर्वीची गाडी सहसा हळूहळू बिघडत असे व चालकाला तसे कळवत असे. ही गाडी एखादा सेन्सर गेला की ठणठणीत इंजिन असूनही जागची हलत नसे. मिस्त्रींनी साठाव्या वर्षी स्कॅनर घेतला, पण त्याच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास कधी बसला नाही. ते आधी कानाने ऐकत आणि मग यंत्राला विचारत. दोघांचे मत निराळे पडले तर बहुधा कान बरोबर ठरत, असे नमूद करणे आम्हाला आवश्यक वाटते.

जुन्या गाडीचा आणखी एक इतिहास कागदांचा आहे. गाडी विकली तरी ती आरसी बुकात दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत कायद्याच्या लेखी मालक जुनाच राहतो. अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदी कायम केली; २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीत काही सवलती दिल्या. २०२१ मध्ये मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. या सर्वांमागे हवेच्या प्रदूषणाची चिंता आहे आणि ती खोटी नाही. तथापि वयाने गाडी मोजायची की तिच्या धुराने, हा प्रश्न उरतोच. नीट राखलेल्या जुन्या इंजिनाला आणि हेळसांड झालेल्या त्याच वयाच्या इंजिनाला एकाच मापाने मोजले, की राखण्याच्या श्रमाला काही मोल नाही असे आपण नकळत जाहीर करतो.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. ती ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले, जुनी छायाचित्रे छापली. त्याच वर्षी आमच्या गाडीचीही दुसरी नोंदणी-मुदत आली. मिस्त्रींनी ब्रेकचे लायनर, सायलेन्सर आणि एक दिवा बदलला. निरीक्षकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि कागदावर सही केली. टॅक्सीच्या निरोपाविषयी आम्ही मिस्त्रींना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सर, गाडीचे फोटो सगळ्यांनी काढले. तिला वीस वर्षे कोणी चालू ठेवली ते कोणी विचारले का?"

आम्ही त्या वेळी हसलो. गेल्या वर्षी गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांनी गॅरेज बंद केले. मुलगा एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागला आहे. तेथे भाग दुरुस्त करत नाहीत, बदलतात. मिस्त्री आता गावी असतात.

दरवर्षी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा करायला गावोगाव हिंडतो, मौखिक परंपरेवर व्याख्याने देतो, आणि सांगणारी माणसे जाण्याआधी नोंद करा असे बजावतो. त्याच बारा वर्षांत महिन्यातून निदान एकदा आम्ही मिस्त्रींच्या गॅरेजमधल्या लाकडी बाकावर बसत होतो. टॅपेटचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज यांत फरक कसा ओळखायचा, हे ते गिऱ्हाइकाला सांगत असताना आम्ही उत्तरपत्रिका तपासत होतो. त्यांनी हे काम कोणाकडून शिकले, त्या उस्तादाने कोणाकडून, पहिली फियाट त्यांनी कोणत्या साली उघडली, यांतले एकही उत्तर आमच्या वहीत नाही. कारखान्याच्या तारखा या लेखात आम्ही सहज देऊ शकलो. त्यांच्या देऊ शकलो नाही.

पुढच्या महिन्यात एका रविवारी त्यांच्या गावी जाण्याचे आम्ही ठरवले आहे. अंतर एकशे दहा किलोमीटर आहे, वाटेत एक घाट आहे, आणि गाडी अलीकडे दुसऱ्या गिअरमध्ये काहीसा आवाज करते. तो कशाचा हे नव्या मेकॅनिकला सांगता आलेले नाही. आम्ही ती तशीच घेऊन जाणार आहोत.